पिकाला वेळापत्रकात बसवण्याची रीत

माध्यमिक शाळेसाठी शेतीचा लवचीक अभ्यासक्रम बेतताय? आधी मुखपृष्ठावर ‘लवचीक’ हा शब्द ठळक छापून घ्या. निम्मं काम तिथेच उरकतं.

मग पेरणी पहिल्या सत्रात टाका, काढणी दुसऱ्या. मधल्या सुट्टीत पिकालाही सुट्टी. टोमॅटोचं रोप लावणीजोगं व्हायला ४ आठवडे आणि लावल्यावर पहिला तोडा यायला साधारण ९-१० आठवडे लागतात, पण सत्रपरीक्षेची तारीख टोमॅटोला आगाऊ कळवली की झालं. मुळा महिना-दीड महिन्यात निघतो, म्हणजे पेरणी ते काढणी एकाच छोट्या घटकात मावते आणि मधेच दाखल झालेल्या मुलालाही नव्याने सुरुवात करता येते. एवढ्या सोयीचं पीक अभ्यासक्रमात शोभत नाही. वगळा.

तासिका ४० मिनिटांचीच हवी. शेतावर जाण्या-येण्यात १५, अवजारांच्या देवघेवीत १०, हात धुण्यात ५, हजेरीत ५. राहिलेल्या ५ मिनिटांत मातीचा नमुना. एरवी त्यासाठी नागमोडी फिरून ८-१० ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल, व्ही आकाराचे खड्डे घ्यावे लागतात, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी लागते. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, ते अर्धा किलो उरेपर्यंत. एवढा वेळ कुणाला आहे? फाटकाजवळच्या शेणखताच्या ढिगाशेजारून मूठभर उचला. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (मातीच्या सुपीकतेचं एक माप) इतका झकास येईल की सगळ्या शेताचं खत वाचेल. (जोडतासिका मागणाऱ्या शिक्षकाकडे स्नेहसंमेलन सोपवा.)

परीक्षा लेखीच. फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन, म्हणजे ठरावीक जागेला किती द्रावण लागतं याचा हिशेब, शिकायला औषध लागत नाही: पंपात नुसतं पाणी भरायचं, मोजून आखलेल्या १०० चौरस मीटरवर नेहमीच्या चालीने फवारायचं आणि किती संपलं ते बघायचं. ४ लिटर संपलं तर हेक्टरी ४००. पण यात मुलं भिजतात. व्याख्या लिहिताना कुणी भिजत नाही.

घरी रोज धार काढणाऱ्या मुलीला ‘दोहन : प्राथमिक ओळख’ पूर्ण बसवा. तिला थेट पुढे नेऊन, पहिल्या धारा काळ्या कापडावर घेऊन कासेच्या आजाराच्या गुठळ्या कशा तपासायच्या ते शिकवलं, तर इतरांचं काय?

आणि ऐन पेरणीत जो मुलगा आठवडाभर घरच्या शेतात राबत होता, त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहा : ‘प्रात्यक्षिकास गैरहजर. शेतीत रस नाही.’