धक्का रात्रीचा, फाइल कालची

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पलंग हलला. पलंग का हलला, हे कराडकराला विचारावं लागत नाही. आईच्या खोलीतून आवाज आला, "तीन." थोड्या वेळानं पुन्हा, "तीनच्या वर न्हाई. झोपा."

आईचं माप साधं आहे. मांडणीवरचे कप किणकिणले तर तीन, पातेलं खाली आलं तर चार आणि ती स्वतः उठून दारात जाऊन उभी राहिली तर पाच. धरणाच्या शिवाजीसागरात १९६२ साली पाणी भरायला लागलं, तेव्हापासून कोयनेच्या पट्ट्यात पाचाच्या वरचे वीसेक आणि चाराच्या वरचे दोनशेच्या आसपास भूकंपाचे धक्के झालेत. त्यामुळे तिचा अभ्यास दांडगा आहे. सकाळी पेपरात ठरलेली चौकट येते: धक्का सौम्य, हानी नाही, धरण सुरक्षित. आई चौकट वाचते आणि आकडा जुळला की चहा मागते.

या वेळी मात्र घरात तिला प्रतिस्पर्धी होता. जिन्याखाली, जिथं आधी केरसुणी असायची, तिथं माझ्या भाच्यानं परदेशातून पाठवलेली रास्पबेरी शेक नावाची, भूकंप टिपणारी डबी बसलीय. आत जमिनीची थरथर टिपणारा एक जिओफोन, एक चिमुकला संगणक आणि बाहेर लुकलुकणारा निळा दिवा. पायांना तीन स्क्रू, ते पाणसळ बघून सारखे करायचे. माझी चाळीस वर्षं बँकेत गेली. यंत्रांशी संबंध नोटा मोजण्यापुरता. पण निवृत्त मामाला काहीतरी उद्योग हवा, असं भाच्याचं आणि बायकोचं परस्पर ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या एका प्राध्यापकांचा फोन आला. स्थापत्य शिकवतात. "काका, रात्रीची नोंद मिळेल का? मुलांना दाखवतो." मी म्हटलं, "तासाभरात पाठवतो." हा तास पुढे चार दिवस चालला.

डबीत दर दिवसाची एक फाइल साठते. तिचं रूप मिनीसीड. भूकंपाच्या नोंदींची देवाणघेवाण जगभर ज्या ठरावानं चालते, त्या सीडचं हे धाकटं भावंड. फाइल उघडायला गेलो तर पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मध्येच आमच्या डबीचं नाव. भाचा म्हणाला, "मामा, ती माणसानं वाचायची नसते. आत फरक लिहिलेले असतात." हे मला लगेच कळलं. पासबुकात दर वेळी शिल्लक न लिहिता मागच्या ओळीपेक्षा किती वाढलं, किती घटलं एवढंच लिहायचं, म्हणजे कागद कमी लागतो. आमच्या शाखेत कोणी असं केलं असतं तर निलंबित झाला असता. इथं त्याला स्टीम कॉम्प्रेशन म्हणतात.

तर या फाइलीचं साध्या आकड्यांत रूपांतर करायला एमसीड-टू-अॅस्की नावाचं फुकटचं साधन आहे. त्याला खिडकी नाही, बटण नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. भाच्यानं तिकडून बसून माझ्या लॅपटॉपात विंडोजच्या पोटात लिनक्स घातलं, साधन बसवलं आणि आज्ञा व्हॉट्सअॅपवर पाठवली. मी ती जशीच्या तशी उतरवली. उत्तर आलं: कमांड नॉट फाउंड.

पाऊण तासानं शोध लागला, की फोननं आगाऊपणानं पहिलं अक्षर कॅपिटल केलं होतं. काळ्या खिडकीला कॅपिटल एम आणि लहान एम ही दोन वेगळ्या घरची माणसं वाटतात. ते निस्तरलं, तर पुढचा उणे पटेना. तोही फोननं लांबवला होता. हायफनची रेघ झाली होती. मी चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहिलं. एका केसाचा फरक. बँकेत असताना सही जुळत नाही म्हणून किती लोकांचे चेक परत केले, ते सगळे त्या क्षणी डोळ्यांसमोर आले.

शेवटी एंटर दाबल्यावर काहीच झालं नाही. म्हणजे ओळ खाली गेली आणि कर्सर लुकलुकायला लागला. मी दहा मिनिटं वाट पाहिली. पुन्हा एंटर. पुन्हा काही नाही. भाच्याला फोन केला तेव्हा तिकडे पहाट होती. तो जांभई देत म्हणाला, "मामा, काही बोललं नाही म्हणजे काम झालं. चुकलं तरच ते बोलतं." मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या मामीच्या उलट." स्पीकर चालू होता, हे मला नंतर समजलं.

बोलायला लावायची सोय आहे, ती म्हणजे उणे व्ही. एकदा दिलं की थोडं बोलतं, दोनदा दिलं की जास्त. मी चार दिलं आणि साधन जे सुटलं, ते चहा गार होईपर्यंत थांबलं नाही.

पण फाइल झाली होती. वर एक ओळ ठाण्याचं नाव, नोंदींची संख्या आणि 'काउंट्स' हा शब्द. खाली दर ओळीला वेळ आणि आकडा, वेळ आणि आकडा. मिलिमीटर नाही, रिश्टर नाही, नुसतं काउंट. शंभर काउंट म्हणजे किती हललं, हे यंत्राची कुंडली वेगळी मागवून काढावं लागतं. माझी हरकत नव्हती. आकडे दिसले की मी घरी असतो. फाइल एक्सेलमध्ये ओढली.

आमची डबी सेकंदाला शंभर नोंदी घेते. दिवसाच्या ८६ लाख ४० हजार झाल्या. एक्सेलच्या एका पानावर ओळी मावतात १० लाख ४८ हजार ५७६. दोन तास चोपन्न मिनिटं पंचेचाळीस सेकंद झाले की एक्सेल हात वर करतं. तसा इशारा त्यानं दिला होता. मी ओके दाबलं. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की वाचल्याशिवाय सही करू नका.

आलेख काढला आणि अंगावर काटा आला. बराच वेळ सपाट रेघ आणि मग अचानक एक उंच सुळका. त्यामागं दुसरा. तिसरा. मोजले, सेहेचाळीस. मी प्राध्यापकांना चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं: 'मुख्य धक्का व ४५ पश्चात्धक्के. वेळ एक वाजून दहा मिनिटं.' रात्रीचे दोन दहा आणि यंत्राचे एक दहा यांत तासाचा फरक पडत होता. तो मी घड्याळाच्या नावावर टाकला.

त्यांचा फोन पाच मिनिटांत आला. माणूस सभ्य. आधी यंत्राचं कौतुक केलं. मग म्हणाले, "काका, पश्चात्धक्के एवढ्या शिस्तीत येत नाहीत हो. हे बरोबर सव्वा-सव्वा सेकंदाला आहेत." थोडं थांबून, "सकाळी पावणेसातच्या सुमाराला घरात कोणी काही कुटत होतं का?"

मी रिसीव्हरवर हात ठेवायची सवय अजून गेली नाही, म्हणून मोबाइलवरच हात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, "अगं, सकाळी पावणेसातला काय करत होतीस?"

"शेंगदाण्याची चटणी. का?"

उखळ जिन्याला लागून आहे. दुसऱ्या बाजूला डबी.

"अहो, बरं झालं," ती म्हणाली. "तीस वर्षं चटणी कुटतेय. या घरात तिची नोंद घेणारं कोणीतरी आलं."

मग प्राध्यापकांनी मला यूटीसी समजावून सांगितलं. भूकंपाच्या नोंदी जगभर एकाच घड्याळानं चालतात. ते आपल्या साडेपाच तास मागं. म्हणजे डबीचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला उजाडतो आणि माझ्या एक्सेलनं दाखवलेले जवळजवळ तीन तास म्हणजे साडेपाच ते आठ पंचवीस. नळ, मोटर, मिक्सर, चटणी, शाळेची रिक्षा. यंत्राचे एक दहा म्हणजे घरचे सहा चाळीस. रात्री दोन दहाचा धक्का डबीच्या हिशेबानं आदल्या दिवशीच्या रात्री आठ चाळीसला झाला होता आणि कालच्या फाइलीत गाढ झोपला होता. मी दोन दिवस आजच्या फाइलीत त्याला हाका मारत होतो.

कालची फाइल शोधायलाही कष्ट पडले. या मंडळींना तारीख-महिना चालत नाही. एक जानेवारीपासून दिवस मोजायचे. आज २६७वा, काल २६६वा. मी कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं आणि पेन्सिलीनं नऊ महिने मोजले. आई बघत होती. "काय रं, येवढं काय मोजतोस? कुणाचं दिवस भरल्यात?"

डेटासिलेक्ट नावाचं दुसरं साधन निघालं. त्याला 'पासून' आणि 'पर्यंत' सांगितलं की मधलाच तुकडा कापून देतं. मी आठ एकोणचाळीस ते आठ बेचाळीस एवढाच मागितला. तीन मिनिटांच्या अठरा हजार ओळी. एक्सेलनं मुकाट्यानं घेतल्या.

आणि मग तो दिसला.

आधी रेघ नुसती थरथरते, बारीक आणि घाईची. बरोबर सहा सेकंद. मग एकदम फुगते, पोट येतं आणि मिनिटभर हळूहळू विरत जाते. चटणीसारखं नव्हतं ते. प्राध्यापक म्हणाले, पहिली पी-लहर, दुसरी एस. जवळच्या धक्क्याला ढोबळ हिशेब असा, की दोघींमधल्या सेकंदांना आठानं गुणायचं. सहा आठे अठ्ठेचाळीस किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली, तर कराडपासून कोयनानगर तेवढ्यावरच. व्याजाचा हिशेब पैशासकट जुळल्यावर जे वाटायचं, ते वाटलं.

आईला दाखवलं. तिनं पडद्याला नाक लावलं. "ही काय बारीक?"

"ही पहिली लहर. लवकर येते, जोर नसतो. मग ही दुसरी, ही हलवते."

"म्हंजी आधी घुर्र, मग हेलकावा."

"हो."

"मग ह्याला चार दिवस कशाला लागलं?"

प्राध्यापकांना अखेर सॅक नावाच्या वेगळ्याच साच्यात अख्खा दिवस हवा होता. त्याचं साधन वेगळं, आज्ञा वेगळी, उणे वेगळे. या वेळी मी सगळं पाठ केलं होतं. एकच फाइल दिली आणि आठ बाहेर आल्या. हे साधन सलग तुकड्याला एक फाइल देतं आणि त्या दिवशी आमची लाइट सात वेळा गेली होती. आठही उघडून पाहिल्या, तर आमच्या घराचा अक्षांश उणे १२३४५, रेखांश उणे १२३४५, उंचीही तीच. उणे शिल्लक बघून पोटात गोळा आला. खुलासा असा की सॅकला जे माहीत नसतं तिथं तो हा आकडा लिहितो. म्हणजे अर्जात 'लागू नाही' लिहितात तसं. फक्त आपण रेघ मारतो, हा हिशेब मांडतो. उणे के देऊन १७.२९ आणि ७४.१८ लिहिलं, तेव्हा घर कराडात परत आलं.

सगळं पाठवून झालं आणि चौथ्या दिवशी रात्री मी डबीला नमस्कार करून उठत होतो, तेव्हा आई म्हणाली, "सदुसष्टचा काढ की."

सदुसष्टचा आमच्याकडे काढावा लागत नाही. मी तीन वर्षांचा होतो. वडील धरणावर स्टोअरला होते, आम्ही क्वार्टरमध्ये. आईनं मला झोपेतच उचलून बाहेर आणलं होतं. शेजारच्या दोन घरांतली माणसं आली नाहीत. सुमारे १८० माणसं गेली तेव्हा.

मी सांगितलं, की आपल्या डबीत तो नाही, पण धरणात तेव्हा बसवलेल्या यंत्रानं तो टिपला आणि त्याचे आकडे आजही जगभरचे धरणवाले इंजिनियर आपले हिशेब तपासायला वापरतात. प्राध्यापकांनी त्यांतलेच मला पाठवले होते. आई गप्प राहून ऐकत होती. मग मी जगाच्या यादीत तो शोधून दाखवला. कोयना, १० डिसेंबर १९६७, २२ वाजून ५१ मिनिटं.

"धा?" ती म्हणाली.

"अगं, ते यूटीसी. साडेपाच तास मागं. त्यांच्या घड्याळात अजून दहा तारीखच होती."

"धाच्या रातीला आमी जेवून झोपलो. काय सुदिक झालं न्हाई. आकरा तारीख. पहाटं चार वाजून येकवीस मिंटं. भिंतीवरचं घड्याळ तितंच थांबलं हुतं, तुज्या बानं वर्षभर चावी दिली न्हाई त्याला."

"बरोबर आहे आई, पण जगाच्या घड्याळात..."

"जग हललं हुतं का?"

मी काळी खिडकी पुन्हा उघडली. प्राध्यापकांनी पाठवलेल्या फाइलीच्या नावात ३४४ होतं. नाव बदलायची आज्ञा दोन अक्षरांची आहे, एम आणि व्ही, दोन्ही लहान. ती मला आता फोन न बघता येते. ३४५ केलं आणि एंटर दाबलं.

ती काही बोलली नाही. म्हणजे काम झालं.