हलणारी आकृती आणि सिद्धता : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

निवृत्ती जवळ आलेल्या गणित शिक्षकाने जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवता येणारे संगणकीय सॉफ्टवेअर) शिकणे म्हणजे काळाच्या दडपणापुढे मान तुकवणे होय आणि पडद्यावरच्या हलत्या आकृत्यांमुळे मुले कर्कटक व सिद्धता दोन्ही विसरतील, असे आपण लिहिले आहे. सिद्धतेविषयीची आपली काळजी मलाही आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

दहावीतील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय घ्या : एकाच जीवेवरचे, वर्तुळाच्या एकाच कंसावर शिरोबिंदू असलेले कोन समान असतात. फळ्यावर मी फार तर दोन-तीन कोन काढतो आणि ते समान आहेत हे मुले माझ्या शब्दावर मान्य करतात. जिओजेब्रामध्ये जीवेची टोके स्थिर ठेवून तिसरा बिंदू कंसावर सरकवला, की कोन ७० अंशांवर कायम राहतो आणि बिंदू जीवेच्या पलीकडे गेला, की तो एकदम ११० होतो. असे का, हे मुले तेव्हा आपणहून विचारतात. कंसावरचे बिंदू अनंत आहेत, पडद्यावर त्यांतले मोजकेच तपासून झाले, म्हणून ‘नेहमी’ म्हणायचे तर सिद्धताच हवी, हे त्यांना तिथे पटते; आणि ७० व ११० यांची बेरीज पाहून चक्रीय चौकोनाचे प्रमेयही (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० अंश असते) त्यांना जवळचे वाटू लागते.

बटणे मला तरुण सहकाऱ्यांनी शिकवली, परंतु कुठे थांबायचे हे अनुभवाने कळते. शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब, त्रिकोणाच्या आतच असतो असा मुलांचा समज असतो, कारण त्यांनी बहुतेक लघुकोन त्रिकोणच पाहिलेले असतात. म्हणून कोन ९० अंशांपुढे गेल्यावर शिरोलंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब जिथे मिळतात तो बिंदू, कुठे जाईल, याचा अंदाज मी आधी वहीत लिहून घेतो. मगच शिरोबिंदू सरकवतो : तो संपात काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि पुढे त्रिकोणाबाहेर पडतो.

कर्कटकाने रचना वहीतच होतात. संगणकावरही लंबदुभाजकाचे तयार साधन मी साधनपट्टीतून काढून टाकतो, म्हणजे दोन वर्तुळे काढूनच तो मिळवावा लागतो. खर्चाचे म्हणाल, तर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग येथे सुरू केलेले हे सॉफ्टवेअर शाळांना मोफत मिळते, एकदा बसवले की इंटरनेटशिवायही चालते आणि वर्गाला एक लॅपटॉप व प्रोजेक्टर पुरतो.

शिक्षकच तासभर माऊस फिरवत असेल आणि मुले चित्रपट पाहावा तशी बसून असतील, तर आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठीच माझ्या वर्गात माऊस एका विद्यार्थ्याकडे असतो आणि बिंदू कुठे न्यायचा हे बाकीचे सांगतात.