विमानात दिवसभराचं काम उरकतं? नाही उरकत

कामानिमित्त सतत फिरणाऱ्या लोकांच्या ग्रुपमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. आशय साधारण असा: विमानात फोन वाजत नाही, कोणी डोकं खायला येत नाही, उठून कुठे जाता येत नाही, त्यामुळे एकाग्रतेला याहून चांगली जागा नाही. चार तासांच्या प्रवासात आख्ख्या दिवसाचं काम होतं. आता तर वायफायही मिळतं. आणि ज्यांना पुढे जायचंय ते विमानात झोपत नाहीत.

परवा हा मजकूर मला आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, उद्याच्या फ्लाइटमध्ये सगळा रिपोर्ट संपवतो, उतरल्यावर लगेच पाठवतो." गेली बारा वर्षं मी महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जाते. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. असल्या मजकुरावर विसंबून माणसं मुदती कबूल करतात आणि हळूहळू वरिष्ठही प्रवासाचे तास कामाच्या तासांत धरायला लागतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी तासांचा हिशेब करू. तिकिटावरचे चार तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, टेकऑफ आणि वर चढणं या सगळ्या वेळात लॅपटॉप बॅगेत असतो. 2013 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या विमान नियामकांनी फोन-टॅबलेट एअरप्लेन मोडवर ठेवून टेकऑफ-लँडिंगच्या वेळीही वापरायला मोकळीक दिली, पण लॅपटॉपसारखी जड वस्तू तेव्हाही आवरूनच ठेवावी लागते. अचानक ब्रेक लागला तर ती उडून कोणाला तरी लागू शकते. शेवटचा अर्धा तास उतरण्यात जातो, तेव्हाही तेच. मधे जेवण येतं, आणि ट्रेवर एक तर जेवण राहतं नाही तर लॅपटॉप. चार तासांतून माझ्या हाती दोन, फार तर सव्वादोन तास लागतात, तेही तुकड्यातुकड्यांत.

या तुकड्यांमुळेच "कोणी अडवत नाही" हा मुद्दाही टिकत नाही. ऑफिसात फोन सायलेंट करता येतो, दार लावता येतं. विमानातली घोषणा बंद करता येत नाही. खिडकीजवळच्या माणसाला उठायचं असेल तर लॅपटॉप मिटून, ट्रे वर करून तुम्हालाच उभं राहावं लागतं. हवा खराब झाली की टायपिंगच थांबतं. व्यत्यय असतातच, फक्त ते कधी यावेत हे तुमच्या हातात नसतं.

पण या मजकुरात सगळ्यात मोठी गोष्ट सुटली आहे ती शरीराची. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. प्रवासी विमानाच्या रचनेचा नियम असा की नेहमीच्या उड्डाणात केबिनमधली हवा 8,000 फूट उंचीवरच्या हवेपेक्षा विरळ होता कामा नये. बोइंग 787 किंवा एअरबस ए350 सारख्या नव्या विमानांत ही पातळी सुमारे 6,000 फुटांवर ठेवतात. म्हणजे आपण बसलेलो असतो ते एखाद्या उंच डोंगरावर. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 502 लोकांना 20 तास अशा कृत्रिम वातावरणात बसवलं होतं. 8,000 फुटांच्या पातळीला रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी सरासरी 4.4 ने उतरली, आणि 7,000 ते 8,000 फुटांच्या पातळीला तीन ते नऊ तासांनंतर अस्वस्थता वाढल्याचं दिसलं. निरोगी माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. पण लांबच्या प्रवासात आपलं डोकं ऑफिसच्या खुर्चीतल्यासारखंच तल्लख चालेल, हे गृहीत धरणं चूक आहे.

त्यात हवा कोरडी. लांबच्या उड्डाणात केबिनमधली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते. स्क्रीनकडे बघताना आपण मुळातच पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे चुरचुरायला लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. आणि आवाज! इंजिन आणि वारा मिळून साधारण 80 ते 85 डेसिबलची घरघर तासन्‌तास कानावर पडत असते. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना आवाज दाबणाऱ्या हेडफोनची कल्पना सुचली तीसुद्धा 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानातच, कारण त्या घरघरीत हेडफोनवर संगीत नीट ऐकूच येईना. असे हेडफोन आज सहज मिळतात आणि ते मी आवर्जून घ्यायला सांगते. मात्र ते सलग घरघर जितकी चांगली दाबतात तितकं शेजारचं बोलणं दाबत नाहीत.

या थकव्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या विमानात एका ग्राहकासाठी दरपत्रक तयार केलं. बेरजेच्या सूत्रात शेवटच्या दोन ओळी राहून गेल्या. उतरताच पुन्हा न वाचता पाठवलं, आणि चूक ग्राहकाने दाखवली. पुढचा आठवडा खुलासे करण्यात गेला. त्या रात्री मी झोपले असते आणि सकाळी तासभर बसले असते तर ते काम नीट झालं असतं.

जागेबद्दल थोडक्यात. साडेपंधरा इंची लॅपटॉप सुमारे 36 सेंटिमीटर रुंद असतो. इकॉनॉमीची सीट 43 ते 46 सेंटिमीटर. दोन्ही कोपरं कुठे ठेवायची? समोरच्याने सीट मागे टाकली की स्क्रीन पुरती उघडत नाही. टॅबलेट किंवा लहान लॅपटॉप असेल तरच काम जमतं. शेजाऱ्याला तुमची स्क्रीन तुमच्याइतकीच स्पष्ट दिसते, हेही विसरू नका. पगाराचे आकडे, करार, कोणाचे वैद्यकीय कागद विमानात उघडूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

"आता वायफाय आहे" हा मुद्दा अर्धा खरा आहे. बोइंगने 2004 मध्येच विमानात इंटरनेट आणलं होतं आणि 2006 मध्ये ती सेवा गुंडाळली. आज परिस्थिती खूप सुधारली आहे. तरी वायफाय कुठल्या उपग्रहावरून येतं यावर बरंच अवलंबून असतं. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. तुमची मागणी वर जाऊन खाली येणार, मग उत्तर वर जाऊन खाली येणार. नुसत्या अंतरापोटीच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. ईमेलला त्याने फरक पडत नाही, पण ऑनलाइन शीटमध्ये एकेक खाना भरताना जीव नकोसा होतो. सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांची सेवा बरीच चपळ आहे, पण ती प्रत्येक विमानात मिळेलच असं नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: वायफाय नाहीच असं समजून निघायचं. लागणारी प्रत्येक फाइल आदल्या रात्री लॅपटॉपवर उतरवायची, आणि नेट बंद करून ती उघडते का हे घरीच तपासायचं.

चार्जिंगचंही तसंच. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, आणि परवानगीशिवाय मर्यादा 100 वॉट-तासांची, म्हणजे साधारण 27,000 एमएएच. ती विमानात वापरता येईल याचीही आता खात्री नाही. सिंगापूर एअरलाइन्सने 1 एप्रिल 2025 पासून आणि एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून प्रवासात पॉवर बँक वापरायला बंदी घातली आहे.

आता झोपेचा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. 1997 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात असं दिसलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. पहाटे उठून विमान गाठलेला, दिवसभर बैठका केलेला आणि रात्रीच्या परतीच्या विमानात लॅपटॉप उघडून बसलेला माणूस नेमका याच अवस्थेत असतो. त्याला "झोपू नकोस" म्हणणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. शिवाय चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात म्हटलं आहे. मुळात तो धोका कमी आहे, सुमारे 6,000 प्रवाशांत एक. तरी काम संपवायच्या नादात पाच तास न उठणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या मजकुरात खरं काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वाचन विमानात उत्तम होतं. लांबलचक अहवाल छापून नेला आणि हातात पेन घेऊन बसलं की मी दोन तासांत तो संपवते, कारण कागदाला ना चार्जिंग लागतं ना रुंद ट्रे. भाषणाचे मुद्दे, बैठकीची रूपरेषा, साठलेल्या मेलची कच्ची उत्तरं हीही कामं होतात. तुकड्यांत करता येणारं आणि चुकलं तरी जमिनीवर आल्यावर सुधारता येणारं काम तेवढं विमानात न्यावं. मेल उतरल्यावर, पुन्हा एकदा वाचूनच पाठवावी.

त्या मुलाला मी रिपोर्टसाठी एक दिवस वाढवून दिला, आणि विमानात फक्त आधीचे दोन रिपोर्ट वाचून ये असं सांगितलं. तेव्हापासून आमच्या टीमच्या कॅलेंडरमध्ये प्रवासाचे तास 'उपलब्ध नाही' असेच भरले जातात, माझेसुद्धा.