त्या आईला अडाणी म्हणू नका

आज एका परिचिताने आफ्रिकेतल्या इबोला या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराविषयी लिहिले, "तिथले लोक अडाणी, आजार लपवतात, मग मरणारच." त्याखाली होकार देणाऱ्यांची रांग लागलेली पाहून मला संताप आवरेना.

माझी एक मैत्रीण २०१४ च्या साथीत सिएरा लिओनमधील उपचार केंद्रात परिचारिका होती. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईने तिला विचारले होते, "याला नुसता मलेरिया असला तर?" ताप, अंगदुखी, उलट्या ही लक्षणे मलेरियात, टायफॉइडमध्ये आणि लासा तापातही (पश्चिम आफ्रिकेतला आणखी एक विषाणूजन्य ताप) असतात. शिवाय लक्षणे दिसू लागल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पीसीआर चाचणी (रक्तात विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी) नकारात्मक आली, तरी तिच्यावर विसंबता येत नाही, ती पुन्हा करावी लागते. आणि तोवर मलेरियाचा मुलगाही संशयितांच्या कक्षात, कदाचित खऱ्या इबोला रुग्णाच्या शेजारी राहतो. त्या आईने मुलाला घरीच ठेवले असते, तर तिचे काय चुकले असते?

अंत्यविधीत मृतदेहाला हात लावल्याने संसर्ग पसरला, आरोग्य पथकांवर हल्लेही झाले, हे मान्य. पण गिनीत डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेली साथ मार्च २०१४ मध्ये, नमुने युरोपात तपासल्यावर ओळखली गेली, हा दोष गावकऱ्यांचा नव्हे. सिएरा लिओनमधल्या केनेमा शहरात वर्षानुवर्षे लासा तापाचे रुग्ण तपासणारे डॉ. शेख उमर खान जुलै २०१४ मध्ये इबोलानेच गेले. ज्ञान त्यांच्याकडे कमी होते का?

मैत्रीण त्या मुलाविषयी फार बोलत नाही. सलाईन लावायला, क्षारांचे प्रमाण तपासायला हात पुरत नव्हते आणि संरक्षक पोशाखात उकाड्याने तासाभरात जीव कासावीस होई, एवढेच सांगते.

पुढे काँगोत २०१८-१९ मध्ये झालेल्या चाचणीत प्रतिपिंडांची (विषाणूला निकामी करणाऱ्या प्रथिनांची) दोन औषधे प्रभावी ठरली. शरीरात विषाणू कमी असतानाच ती मिळालेल्यांपैकी दहांतले सुमारे नऊ जण वाचले. त्यांतले एक औषध काँगोतल्याच किकवित शहरातील १९९५ च्या इबोला साथीतून बचावलेल्या माणसाच्या रक्तातून घडले, हे वाचून मला भरून आले होते. पण लवकर उपचार हवेत तर लवकर निदान हवे, म्हणजे आपण पुन्हा त्या आईच्या प्रश्नापाशीच येतो.

आणि इबोलाच्या विषाणूचे वेगवेगळे प्रकार आहेत; ही औषधे त्यांतल्या झाईर प्रकारावरची आहेत. २०२२ मध्ये युगांडात सुदान प्रकाराची साथ आली, तेव्हा त्यावर मान्यताप्राप्त औषधही नव्हते, लसही नव्हती. चाचणीसाठीच्या लसी डिसेंबरमध्ये पोहोचल्या, तोवर नवे रुग्ण सापडणे थांबले होते. सुदान विषाणू १९७६ पासून जगाला ठाऊक आहे; एवढ्या वर्षांच्या दिरंगाईला त्या परिचिताने कोणाचे अडाणीपण म्हटले असते?