पऱ्हाटीत तेल नसते

पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची झाडे), तुराट्या, उसाचे पाचट आणि सोयाबीनचे कुटार हा सारा फुकटचा कचरा आहे, परदेशात अशाच कचऱ्याच्या डिझेलवर गाड्या धावत आहेत, तंत्रज्ञान तयार आहे आणि गावोगावी यंत्रे बसवली तर देशाची डिझेल आयात थांबेल, असा दावा शेतकऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यावर विसंबून कोणी पैसे गुंतवण्याआधी त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

परदेशात गाड्या जैव स्रोतांच्या डिझेलवर धावतात एवढे खरे आहे, आणि गोंधळाचे मूळही तिथेच आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वापरल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये आता निम्म्याहून अधिक वाटा जैव स्रोतांपासून बनलेल्या डिझेलचा आहे. मात्र ते बनते वापरलेल्या खाद्यतेलापासून, प्राण्यांच्या चरबीपासून, सोयाबीन तेलापासून आणि मक्याचे इथेनॉल करताना वेगळ्या होणाऱ्या तेलापासून. फिनलंडमधील लाप्पेनरांता येथील यूपीएम कंपनीचा कारखाना २०१५ पासून लाकडाचे डिझेल करतो असे म्हटले जाते, पण तिथेही कच्चा माल लाकूड नसून कागदाचा लगदा करताना निघणारे टॉल ऑइल हा असतो. हे सगळे पदार्थ मुळातच तेल किंवा चरबी आहेत. वनस्पती तेलात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, आणि उच्च दाबाखाली, उत्प्रेरकाच्या साहाय्याने, हायड्रोजन वापरून तो काढून टाकला की उरणाऱ्या कार्बनच्या साखळ्या डिझेलमधल्यासारख्याच असतात. पऱ्हाटी मात्र सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या लाकडातल्याच घटकांची बनलेली असते. तिच्या कोरड्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि तेलाची ती तयार साखळी तिच्यात नसतेच.

गावात बसवायच्या यंत्राबद्दल जे सांगितले जाते, ते मला सर्वांत धोकादायक वाटते. काडीकचरा हवेशिवाय तापवला की काळसर द्रव निघतो, हे खरे आहे. पण त्यात साधारण १५ ते ३० टक्के पाणी असते, तो आम्लधर्मी असतो, डिझेलमध्ये मिसळत नाही आणि वजनामागे डिझेलच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा देतो. असा द्रव ट्रॅक्टरच्या टाकीत ओतला तर पंप आणि इंजेक्टर गंजतील.

काडीपासून खरे डिझेल करण्याचा मार्ग आहे: तिचे वायूत रूपांतर करायचे आणि जर्मनीत १९२० च्या दशकात फिशर आणि ट्रॉप्श यांनी शोधलेल्या प्रक्रियेने त्या वायूचे इंधन करायचे. त्यातले शास्त्र पक्के आहे, परंतु डांबर, राख, ओलावा आणि सतत बदलणारा कच्चा माल यांच्यापुढे मोठमोठे प्रकल्प टिकले नाहीत. याच मार्गाने जाणारी जर्मनीतील फ्रायबर्गची कोरेन कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि वेगळ्या पद्धतीने लाकडाच्या चिपांपासून इंधन करणाऱ्या अमेरिकेतील कायओर कंपनीची २०१४ मध्ये तीच गत झाली. जे त्यांना साधले नाही, ते गावातल्या भट्टीत साधेल असे मानायला आधार नाही.

कचरा फुकट आहे, हेही खरे नाही. हेक्टरी ८ ते १० टन निघणारे पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो, तर चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते. पऱ्हाटी उपटणे, गोळा करणे, वाहून नेणे आणि पावसापासून कोरडी ठेवणे यांचा खर्च येतोच. तिची ट्रॉली भरते ती आकाराने, वजनाने नव्हे.

आता आयातीचा हिशेब. मुळात भारत प्रामुख्याने कच्चे तेल आयात करतो. ते शुद्ध करून तयार झालेले डिझेल आपण उलट निर्यात करतो. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे २३ कोटी टन जैवभार शिल्लक राहतो. पाच-सहा टन कोरड्या काडीमागे एक टन इंधन धरले, तर शेवटची काडी वेचूनही साधारण ४ कोटी टन इंधन मिळेल, आणि देशाला वर्षाला डिझेल लागते सुमारे ९ कोटी टन.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला जैवडिझेलसाठी लावायला सांगितलेल्या मोगली एरंडाची (जट्रोफाची) आठवण असेल. त्या काळी २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट होते. २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आले.

सरकी आणि सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात निघणारे अॅसिड ऑइल हा जैवडिझेलसाठी खरोखर उपयोगी उपपदार्थ आहे. पऱ्हाटीचा भुगा दाबून केलेल्या कांडीकोळशाला बॉयलर आणि औष्णिक वीज केंद्रांकडून मागणी आहे, आणि त्यासाठी तिचे आधी तेल करावे लागत नाही. तरीही कोणी काडीपासून डिझेल काढणारे यंत्र विकायला आले, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याच्याकडे त्या तेलाचा डिझेलसाठीच्या भारतीय मानक १४६० नुसार केलेला प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, आणि नमुना आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच पऱ्हाटीपासून काढलेला असावा.