हुशार आहे, पण…

आपल्या घरात सातवीतले मूल असेल, वर्गात शिकवलेले त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळत असेल आणि तरीही त्याचे गुण पासष्टच्या पुढे सरकत नसतील, तर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात उमटला असणारच. हा शेरा जपून ठेवावा. सहा शब्दांत निदान, आरोप आणि आपल्याला काहीही करावे लागणार नाही याची हमी, असे तिन्ही बसवणे भल्याभल्यांना साधत नाही.

पहिला उपाय अर्थातच क्लास. जो धडा शाळेत ऐकताना मुलाला जांभया येतात, तोच त्याला संध्याकाळी क्लासमध्ये आणि रात्री आपल्याकडून पुन्हा ऐकवावा. वीस गणिते इतरांच्या आधी सोडवली, तर बक्षीस म्हणून तशीच आणखी वीस द्यावीत. लवकर न संपवण्यातच शहाणपण आहे, हे मूल त्यातून आपोआप शिकते.

माझ्या परिचयातील एका मुलाला चाचणीत गणित आले होते: वडील आणि मुलगा यांच्या आजच्या वयांची बेरीज 42, तीन वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या पाचपट, तर मुलाचे आजचे वय किती? याने लिहिले, ‘तेव्हाची बेरीज 36, तिचे सहा भाग, म्हणून आज 9.’ चारपैकी एक गुण मिळाला आणि बाजूला लाल शाईत प्रश्न होता, ‘क्ष कुठे आहे?’ घरी आईनेही तेच विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘तो नऊ आहे हे दिसत होतं, मग क्ष कशाला मानायचा?’ अशा वेळी उत्तराचा विचार करत बसू नये; उलट बोलल्याबद्दल आधी दटावावे.

चौथीपर्यंत पाहुण्यांसमोर ‘याला अभ्यास करावाच लागत नाही’ असे अभिमानाने सांगत राहावे. पुढे कधीतरी पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्याला झटकन कळत नाही. मेहनत करूनही जमले नाही तर आपली हुशारीच खोटी ठरेल, या भीतीने तो पुस्तक मिटून ठेवतो. त्याला आळस म्हणावे. शब्द सोपा आहे आणि नातेवाइकांना लगेच पटतो.

काही मुले तोंडी उत्तरे धडाधड देतात, पण कागदावर त्यांची अक्षरे आणि ओळी कोलमडतात. त्यांची तपासणी करून घेण्याच्या फंदात मुळीच पडू नये. बुद्धी अडचणीला झाकते, अडचण बुद्धीला झाकते आणि दोन्ही मिळून मूल बेताचेच दिसते. ही सोयीची व्यवस्था कशाला मोडायची? अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असल्यास दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, हे खरे. पण लोक काय म्हणतील, याला प्रमाणपत्रापेक्षा वजन आहे.

रामानुजन यांचे नाव मात्र अधूनमधून घ्यावे. एकट्या गणितातच रमल्यामुळे ते एफ.ए. या तेव्हाच्या महाविद्यालयीन परीक्षेत नापास झाले, हे सांगून ‘सगळ्या विषयांकडे बघ’ असा निष्कर्ष काढावा. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक रामस्वामी अय्यर यांनी 1910च्या सुमारास, रामानुजन यांची गुणपत्रिका बाजूला ठेवून, त्यांच्या वह्या उघडून पाहिल्या, हा भाग गाळावा. तो आपल्यावर शेकण्याचा संभव आहे.

कारण वह्या आपल्याही घरात असतात. ‘क्ष कशाला मानायचा?’ विचारणाऱ्या त्या मुलाच्या इतिहासाच्या वहीत पुढून साडेतीन पाने भरलेली आहेत, मागून अकरा. मागच्या पानांवर त्याने स्वतः तयार केलेली एक लिपी आहे, तिची बाराखडी आहे आणि जोडाक्षरे कशी जोडावीत याचे नियम आहेत, त्यातले दोन खोडून सुधारलेले. असे काही चुकून दृष्टीस पडलेच, तर वही मागून लिहायची नसते, एवढे बजावून ती दप्तरात ठेवून द्यावी. क्लासची वेळ झालेली असते.