पिशवीतला अमोनिया

परवा म्हापशाहून पणजीला येताना माझ्या पिशवीत मोरी होती. मोरी म्हणजे छोटा शार्क मासा; कोकणात तिला मुशी म्हणतात. पर्वरीला ट्रॅफिकमध्ये बस अडकली, उकडायला लागलं आणि पिशवीने वास सोडला. नुसता मासळीचा असता तर गोव्यात कोणी मानही वळवली नसती. हा मुतारीचा होता. शेजारच्या बाईंनी आधी माझ्या पँटकडे पाहिलं, मग घाईने खिडकीबाहेर.

"पिशवीत मोरी आहे हो!" मी म्हणालो. उगीच जरा मोठ्याने.

तेवढ्यात मागून एक निवृत्त मास्तर उठले. कडक इस्त्री, खिशाला पेन. "वास लघवीसारखाच आहे," त्यांनी अख्ख्या बसला जाहीर केलं. मग थांबले, माझ्या मते मुद्दामच. "पण यांचा नव्हे."

"प्रथिनं मोडली की अमोनिया होतो. विष! बांगडा तो कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. तुम्हाला कल्ले आहेत?"

"नाहीत."

"म्हणून तुमचं यकृत त्याचा युरिया करतं. १९३२ साली क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी ते चक्र मांडलं."

"सर, तिकीट," कंडक्टर म्हणाला.

"कबुतर युरिक ॲसिड टाकतं. पाणी वाचतं!"

कबुतराचं वाचतं. आमच्या बाल्कनीतला तो पांढरा राडा खरवडायला बादल्या लागतात, आणि नळ कधी येईल ते देव जाणे.

"आनी मोरी?" बाईंनी विचारलं. यांना आता गोडी लागली होती.

"मोरी युरिया अंगातच साठवते, नाहीतर खारा समुद्र तिच्यातलं पाणी ओढून घेईल. मेली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. एवढा वास म्हणजे शिळी!"

शिळी! विकणारीने पाणी शिंपडत "आत्तां आयल्या, बाबा" म्हणून भाव ताज्याचा घेतला होता.

"चिंच घालून आंबटतीक कालवण करा," बाई म्हणाल्या.

"उत्तम! अमोनिया अल्कधर्मी, चिंच आम्ल!"

बसस्टँडांवरच्या मुताऱ्यांतही हेच जिवाणू राबतात. तिथे डोळ्यांतून पाणी येतं, नळाला नसतं, आणि दारातला माणूस सुट्टे पैसे मागतो. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या अर्धा किलो मोरीवर मात्र परिसंवाद.

"बाब, तुमी दाराकडेन उबे रावात," कंडक्टरने निकाल दिला. तिकीट पूर्ण घेतलं. मी उठलो तोच मास्तर माझ्या जागी टेकले आणि बाईंना उंटाच्या मूत्रपिंडाविषयी सांगू लागले.